साडेआठच्या आधी

मंगळवार, ४ तारीख
दुपारी दोन

प्रिय ताई,

नमस्कार. मी बरा आहे, आई बरी आहे, घर जागच्या जागी आहे. तूही बरी असशील असं धरून चालतो. फोनवर आपण दोघंही 'बाकी ठीक' म्हणून मोकळे होतो, म्हणून हे पत्र. आता कामाचं लिहितो, म्हणजे तक्रारीचं.

एका मासिकातली उपसंपादक मुलगी दहा दिवसांपासून माझ्या मागे लागली आहे. त्यांना चित्रकारांवर एक पान करायचं आहे. विषय काय, तर दिवसातली कोणती वेळ रंगवायला आवडते आणि का. पन्नास शब्द, सोबत हसरा फोटो. मी तिला म्हटलं, अगं, वेळ आवडायला ती निवडायला मिळावी लागते, मला जी उरली ती मी घेतली. ती म्हणाली, "छान आहे सर, पण जरा पॉझिटिव्ह हवं होतं."

आतापर्यंत अकरा जणांनी दिलंय म्हणे. आपल्याबरोबर शिकायला असलेला दाढीवाला आठवतो? परीक्षेलाही ज्याला उठवायला कोणीतरी जावं लागायचं? तो पहाटे चारला उठून रंगवतो, असं त्याने स्वतःच्या सहीनिशी लिहून दिलंय. समुद्राची चित्रं काढणाऱ्या बाईंना संध्याकाळ लागते. त्या संध्याकाळी समुद्रावर नसतात, दुकानात असतात, हे मी स्वतः पाहिलंय. आणि एका थोर माणसाने 'वेळ ही कल्पनाच मी मानत नाही' असं कळवलं, तेही मुदत उलटून गेल्यावर चार दिवसांनी.

आता त्या मुलीला तू आणि मी दोघं हवे आहोत. बहीणभाऊ, एक खोली, एक खिडकी, समोर बसायला तीच आई, आणि दिवस अर्धा अर्धा वाटून घेतलेला. हे तिला कोणी सांगितलं विचारू नकोस. फ्रेमवाल्याच्या तोंडात काही राहतं का? तर कृपा करून तुझे पन्नास शब्द पाठव, म्हणजे माझी सुटका होईल.

खोलीची अवस्था ऐक. तू साडेअकराला ब्रश धुऊन खोली सोडायचीस आणि मी दोनला आत यायचो, त्यामुळे दुपारची खोली कशी दिसते ते तुला माहीतच नाही. समोरच्या इमारतीतल्या रिटायर्ड कारकुनाने गेल्या वर्षी गॅलरीवर हिरवा प्लास्टिकचा पत्रा टाकला. तीन वाजले की ऊन आपल्या छपरावरून पलीकडे जातं, त्या पत्र्यावर पडतं आणि तिथून थेट आपल्या खोलीत येतं. भिंत हिरवी, कॅनव्हास हिरवा, आई हिरवी. मी दोनदा जाऊन सांगून आलो. ते म्हणाले, "डोळ्यांना थंड वाटतं की." त्यांच्या डोळ्यांना वाटत असेल. माझं अख्खं वर्ष शेवाळ्यात गेलं.

शिवाय दुपारची मदतनीस बाई. दर शनिवारी फरशी घासते आणि आईच्या खुर्चीच्या खुणा पुसून टाकते. तुझ्या पांढऱ्या खडूच्या चार, माझ्या पिवळ्या चार. दर शनिवारी मी सांगतो, दर शनिवारी ती म्हणते, "असू द्या दादा, पोरं मारतात रेघोट्या." या घरातलं सगळ्यात लहान पोर सत्तावन्न वर्षांचं आहे. मग रविवारी मी गुडघे टेकून पुन्हा आठही खुणा काढतो. पांढऱ्या कशाला काढतो असं विचारू नकोस. मला माहीत नाही. त्यांच्यावर खुर्ची ठेवायला कोणी नाही.

आईचं. डॉक्टरांकडे गेलो होतो. ते म्हणाले ते आपल्याला आधीच माहीत होतं, फक्त त्यांनी ते कागदावर लिहून दिलं. सकाळी ती शुद्ध असते, उन्हाबरोबर पुसट होत जाते. तू होतीस तेव्हा अकरापर्यंत आपली असायची. आता नऊ, फार तर सव्वानऊ. डॉक्टर म्हणाले ही वेळ आणखी कमी होत जाईल, कधी संपेल ते सांगता येत नाही. म्हणून लिहितोय, एकदा येऊन जा. सकाळी ती तुझ्याबद्दल विचारते. उत्तर देऊन देऊन मी वैतागलोय.

तू काढलेल्या आईच्या त्या चित्राचं म्हणशील तर ते तिथेच आहे, भिंतीकडे तोंड करून. आईने त्याला हात लावला, तू तिला बोललीस, आठव्या दिवशी सामान बांधून लेकीकडे निघून गेलीस. सात महिने झाले. या वयात माणसाच्या हातून असं होतं, ताई. किती दिवस धरून बसणार?

पन्नास शब्द विसरू नकोस.

तुझा,
छोट्या


बुधवार, १९ तारीख
दुपारी अडीच

ताई,

तुझं पत्र मिळालं. वाचून बरं वाटलं असं लिहायची पद्धत आहे, पण तसं काही झालं नाही.

तुझे मासिकासाठीचे शब्द मोजले. आठ. 'सकाळी साडेसहा ते साडेअकरा. तेव्हा आई माझ्याशी बोलते.' मुलीला वाचून दाखवले. ती म्हणाली, "मॅडमचं असंच ठेवूया." मला मात्र ती तिसऱ्यांदा सगळं बदलायला सांगते आहे. मी लिहिलं होतं, दुपारी प्रकाश स्थिर असतो, सावल्या हलत नाहीत, मॉडेल शांत बसतं. ती म्हणाली, "सर, हे खोलीच्या जाहिरातीसारखं वाटतंय." आगाऊ आहे, पण खोटं बोलली असं म्हणता येत नाही.

आता तुझ्या दुसऱ्या पानाबद्दल. मला वाटत होतं तू रागावली आहेस. सात महिने मी तुझ्या रागाची उत्तरं मनात तयार करून ठेवली होती, चांगली मुद्देसूद. आणि तू लिहितेस की राग नव्हताच. तू लिहितेस, 'मी तिच्यावर ओरडले तेव्हा तिने माझ्याकडे पाहिलंच नाही. माझ्या खांद्यावरून मागे कुठेतरी बघत राहिली आणि "माझं चुकलं गं" म्हणाली. आपली आई मला घाबरली, छोट्या. आजारी म्हाताऱ्या बाईला मी घाबरवलं. त्यानंतर त्या खोलीत माझा हात उठेना.' म्हणून तू येणार नाहीस. पुन्हा तिच्या समोर उभी राहिलीस आणि तिने पुन्हा तसंच केलं तर, अशी तुला भीती वाटते.

काय लिहू मी यावर? तू एकसष्ट वर्षांची बाई आहेस. आई कोणाला घाबरणारी बाई आहे का? नानांसारख्या नवऱ्याला घाबरली नाही, घरमालकाला घाबरली नाही, तुला घाबरेल? काहीतरीच डोक्यात घेऊन बसतेस आणि इकडे रोज सकाळी आई माझं डोकं खाते. "थोरलीचा राग गेला का?" रोज. चहाचा कप हातात घेतला की पहिला प्रश्न हाच. मी म्हणतो, जाईल. ती म्हणते, "तू काल पण हेच म्हणालास." कालचं दुपारचं जेवण तिला आठवत नाही, पण हे बरोबर आठवतं.

खरं सांगायचं तर मी सकाळी तिचा चहा झाला की भाजी आणायला बाहेर पडतो. घरात भाजी असली तरी. नऊ वाजून गेले की परत येतो. दुपारी ती काही विचारत नाही. दुपारी मी तिचा कोणी नसतो. तिला वाटतं मी फोटोवाला आहे आणि तिचा फोटो काढायला आलोय. सुरुवातीला मी सांगत बसायचो, आई, मी आहे, मी. मग तिला रडू यायचं. आता मीही तिला 'आजी' म्हणतो, 'हलू नका हं' म्हणतो. ती पदर सारखा करते आणि तास दीड तास अगदी पुतळ्यासारखी बसते. फक्त मधूनच म्हणते, "फोटोवाले, काय हो हे! माझा धाकटा असता तर एव्हाना अख्खं चित्र काढून झालं असतं."

हसायला हरकत नाही. मीही हसतो.

माझी सहा चित्रं झाली आहेत. फ्रेमवाला येऊन बघून गेला. म्हणाला, हात चांगला आहे, पण आजी सहाही चित्रांत बाहेरचं काहीतरी बघतायत. मी म्हटलं, तुम्ही काच नीट बसवा, बाकी माझ्यावर सोडा.

तू येत नाहीस म्हणजे कमाल आहे. त्या चित्राबद्दल आणखीही लिहायचं होतं, पण तीन वाजले, हिरवा पत्रा सुरू झाला. पुढच्या वेळी.

छोट्या


मंगळवार, २ तारीख
सकाळी पावणेदहा

ताई,

सकाळी लिहितोय. अक्षरावरून कळलं असेल, या वेळेला माझं पेन सरळ चालत नाही.

आधी काल दुपारचं सांगतो, मग आज सकाळचं. मधे थांबलो तर हे पत्रही भाजी आणायला निघून जाईल.

काल साडेतीनला आई पिवळ्या खुणांवर बसली होती. खोली हिरवी झाली होती, मी पत्र्याला मनातल्या मनात शिव्या देत होतो. तेवढ्यात तिने विचारलं, "फोटोवाले, तुम्ही दुसऱ्याच्या फोटोला हात लावता का हो?"

मी म्हटलं, नाही आजी.

"नका लावू. आमच्याकडे लावला होता. घर बसलं त्यापायी."

मी रंगवत राहिलो. म्हणजे ब्रश हलवत राहिलो.

"थोरली माझं चित्र काढत होती. चांगलं होतं. मी मला ओळखायचे त्यात. एक दिवस दुपारी धाकट्याने ते भिंतीवरून काढून चित्रातल्या गालावर रंग फासला. मी इथेच बसले होते, या खुर्चीत, समोर. त्याला वाटलं, मला कळत नाही."

मी विचारलं, मग तुम्ही सांगितलं का नाही? हा प्रश्न मी कोण म्हणून विचारला, देव जाणे.

"कोणाला सांगू? सकाळी थोरली मला विचारत होती, तू हात का लावलास म्हणून. तो तिच्या मागे उभा. तोंड असं, जसा पाटी फोडून शाळेतून घरी आला होता ना, तसा. म्हटलं, माझं चुकलं गं. थोरलीचा माझ्यावरचा राग टिकत नाही. त्याच्यावरचा टिकला असता." मग ती जरा पुढे वाकली आणि हळू आवाजात म्हणाली, "तुम्ही बोलू नका कुठे. तो फार मनाला लावून घेतो."

तर असं आहे, ताई. पहिल्या पत्रात मी लिहिलं की आईने त्याला हात लावला. ते खोटं आहे. त्या दिवशीही तू चित्र बघून किंचाळलीस तेव्हा मी म्हणालो होतो, "आई दुपारची खोलीत फिरत असते, तिचंच काम असणार." ते तर त्याहून मोठं खोटं, कारण ती ऐकत होती. ती तुझ्या खांद्यावरून मागे बघत होती ना? तिथे मी होतो. ती तुला घाबरली नव्हती. माझ्याकडे बघत होती. बघून काय करायचं ते ठरवत होती. सकाळची वेळ होती, तिला सगळं समजत होतं.

हिरव्या पत्र्याबद्दल एवढं पानभर का लिहिलं तेही आता कळलं असेल. त्या दुपारी मी तुझा कॅनव्हास भिंतीवरून काढून माझ्या चित्राच्या घोडीवर ठेवला. समोर आई, शेजारी तुझी आई. तुझ्या चित्रातल्या गालाची सावली मला फार गुलाबी वाटली. समोरच्या गालावर हिरवट राखी छटा दिसत होती, ती मी उचलली आणि लावली. त्या उजेडात बरोबर दिसत होती. सकाळी तू खिडकी उघडलीस तेव्हा आईचा गाल शिळ्या पावावर बुरशी यावी तसा दिसत होता. तीस वर्षं रंगवणाऱ्या माणसाने दुपारचा रंग सकाळच्या चित्राला लावला. पहिल्या वर्षाचं पोर असली चूक करत नाही.

हे सगळं खरं आहे आणि तरीही ही सबबच आहे. सावली दुरुस्त करायला मी ते चित्र काढलंच नव्हतं. बघायला काढलं होतं. तुझ्या चित्रात आई ओळखीचं हसत होती, ताई. आता काहीतरी बोलेल, असं. मी तिच्यासमोर रोज तास दीड तास बसतो आणि मला फोटोवाल्याला देतात तसले चेहरे मिळतात. तू ठरवून सकाळ घेतलीस असं नव्हे, तू लवकर उठायचीस, मी उशिरा, एवढंच. पण त्या दुपारी मला वाटलं, हिने चांगली आई घेतली आणि उरलेली मला दिली. आणि माझा हात गेला. त्या गालावरच गेला, कारण हसू तिथून सुरू होत होतं.

आता आज सकाळचं. आज मी भाजीला गेलो नाही. साडेसहाला खुर्ची तुझ्या पांढऱ्या खुणांवर ठेवली, आईला बसवलं, चहा दिला. तिने विचारलं, "थोरलीचा राग गेला का?"

मी म्हटलं, "आई, ते चित्र मी बिघडवलं होतं."

तिने चहा पिऊन संपवला. मग म्हणाली, "माहीत आहे. तिला सांगितलंस?"

"नाही."

"मग मला काय सांगतोस, छोट्या?"

एवढंच. काही भाषण नाही, डोक्यावरून हात फिरवणं नाही. वर म्हणाली, कप उचल. मग आम्ही खिडकीत बसलो. तिने तुझ्या लेकीबद्दल विचारलं, तुझ्या गुडघ्यांबद्दल विचारलं. इतक्या महिन्यांत तिच्याशी एवढा वेळ मी बोललो नव्हतो, कारण ही वेळ मी भाजीबाजारात काढत होतो. आठ वाजून पंचवीस मिनिटांनी तिने पदर सारखा केला आणि विचारलं, फोटोवाले आज येणार आहेत का.

म्हणजे आता नऊ नाहीत, ताई. साडेआठसुद्धा धड नाहीत.

हे पत्र तुला गुरुवारी मिळेल. मिळाल्यावर माझ्यावर जेवढं चिडायचं तेवढं चीड, पण गाडीत बसून चीड. शुक्रवारची दुपारची गाडी घे, सकाळची घेऊन उपयोग नाही, पोचेपर्यंत आई पुसट झालेली असेल. संध्याकाळी येशील तेव्हा आई तुला ओळखणार नाही. तुला फोटोवाल्याच्या घरची समजेल, कदाचित विचारेल की तुमच्याकडे एवढा वेळ का लावतात. मनावर घेऊ नकोस आणि समजावत बसू नकोस, जेवून झोप. शनिवारी सकाळी साडेसहाला ती तुझी असेल, दोन तास, थोडे कमी. बाईला मी फोन करून या शनिवारी फरशी घासायला येऊ नको म्हणून सांगितलंय. तिने विचारलं, पोरं येणार आहेत का. म्हटलं, हो.

मी स्वयंपाकघरात बसेन. बोलावलंस तर येईन.

तुझं चित्र मी भिंतीकडून वळवून ठेवलंय. तो हिरवा रंग खरवडलेला नाही. आज सकाळी दोनदा हात गेला होता, खरवडून स्वच्छ करून ठेवावं म्हणून. मग ब्रशांची बरणीच स्वयंपाकघरात नेऊन ठेवली. तुझ्या चित्राला मी परत हात लावणार नाही. खरवडायचं की तसंच ठेवायचं ते तू ठरव.

मासिकवाल्या मुलीचा आताच फोन येऊन गेला. शेवटची मुदत. मी म्हटलं, लिहून घे, साडेआठच्या आधी. ती म्हणाली, "सर, सकाळी की संध्याकाळी? आणि का? एवढ्यावर पान कसं भरणार?" मी म्हटलं, दाढीवाल्याची पहाट जरा मोठ्या अक्षरात छाप.

शुक्रवारी गाडीपाशी मी उभा असेन. बोलायचं नसेल तर पिशवी माझ्या हातात दे आणि पुढे चालू लाग, घर माहीत आहे तुला.

तुझ्या चित्रातल्या आईला हिरवी करणारा,
आणि सात महिने खऱ्या आईला पुढे करून मागे उभा राहिलेला,
तुझा धाकटा भाऊ